तळ्याला शिवलेला खिसा

सोमवार, ३ मार्च

हिचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना अजून "आई गं" होतं, की नुसत्या "हुं"वर भागतं? थोरलीची सर्दी गेली का? तिच्या नवऱ्याची पाठ? टपालच्या टाचा काय म्हणतात? कोपऱ्यातलं शिलाई मशीन खोळीखाली गुदमरत तर नाही ना? आणि तळ्यावरची मावशी व तिची सहा पिल्लं खुशाल असतील अशी आशा करतो.

आता याची उत्तरंही मलाच द्यायची आहेत, कारण हे पत्र नाही. थोरल्या मुलीने ही वही आणून दिली आणि म्हणाली, "बाबा, दुकान बंद केल्यापासून तुम्ही आईचं डोकं खाताय. जरा वहीचं खा." दैनंदिनी कशी लिहितात हे मला कुणी शिकवलं नाही. मी जन्मभर फक्त पत्रं लिहिली आणि पत्राच्या सुरुवातीला सगळ्यांची तब्येत विचारायची एवढं मला येतं, म्हणून तशीच सुरुवात केली.

माझं शिक्षण चार इयत्ता. पुढचं सगळं वर्तमानपत्राच्या रद्दीवर झालं. त्या रद्दीचे मी सदऱ्याचे नमुने कापायचो आणि कापता कापता वाचायचो. त्यामुळे माझं सामान्यज्ञान दांडगं आहे, फक्त बऱ्याच बातम्यांचा शेवट काखेत कापला गेलाय.

तर उत्तरं. गुडघा तसाच. सर्दी गेली. पाठ बरी. मशीन गप्प. टपाल म्हणजे माझा बाकावरचा जोडीदार. पस्तीस वर्षं गावभर टपाल वाटून निवृत्त झाला, तेव्हापासून नाव तेच. तीन महिन्यांपूर्वी त्याने मला मासेमारीचा नाद लावला. तळ्याच्या दूरच्या टोकाला, पाणगवताजवळ एक बाक आहे. तिथे आम्ही दोघंच गळ टाकून बसतो. दोर त्याचाच, एकाच रिळातला, शेवाळी रंगाचा नायलॉनचा तंगूस. आतापर्यंत मी एक चप्पल, एक छत्री आणि दोन मासे पकडले. मासे इतके लहान होते की त्यांची माफी मागून परत सोडले.

मावशी म्हणजे बदक. ती काठावर येऊन आमच्याकडे अशी बघते की घरातल्या सगळ्या चुकांचा हिशोब तिच्याकडे असावा, म्हणून मावशी.

टपाल उद्या दहा दिवसांसाठी मुलीकडे चाललाय, टाचा दाखवायला. त्याचं एक विचित्र आहे. आम्ही उठलो की मी चालायला लागतो आणि हा पाच मिनिटं मागे रेंगाळतो, बाकाखाली वाकून काहीतरी धुंडाळतो. टाच दुखते म्हणतो आणि वाकतो! मग खिसे फुगवून येतो. "काय भरलंस?" विचारलं तर म्हणतो, "टपाल." वय झालं की माणसं चिंध्या गोळा करायला लागतात, हे मी पाहिलेलं आहे. बिचारा.

गुरुवार, ६ मार्च

एकट्याने बसण्यात मजा नाही, पण मोकळेपणा आहे. टपाल असला की सारखं शिकवतो. "मास्तर, हळू. मास्तर, गुंता झालाय, सोडव." मी शिंपी आहे. शिंपी गुंता सोडवत बसला तर गिऱ्हाईक उघडं फिरेल. गुंता कापायचा, झटकायचा, नवा धागा ओवायचा आणि पुढे जायचं. चाळीस वर्षं हेच केलं.

आज दोर पाणगवतात असा अडकला की काही विचारू नका. कात्री खिशात असतेच. सातआठ ठिकाणी कच्‌कन कापला, झटकला, मोकळा झालो. नवा गळ बांधला. माझी गाठ टपालला जमत नाही. कोटाचं बटण बसवल्यावर त्याच्या मानेभोवती जसे सात वेढे घेतो आणि टोक एकदा आरपार काढतो, तशीच. मासा सुटेल पण गाठ सुटणार नाही. आतापर्यंत मासाच आला नाही ही गोष्ट वेगळी.

घरी पडद्याची किनार दुमडत बसलो. हिने केर काढता काढता म्हटलं, "अहो, दुकान बंद झालं, पण तुमच्या पायाखालचे धागे काही बंद होत नाहीत."

"धागा खालीच पडतो," मी म्हटलं. "वर जात नाही."

"खाली पडतो तो उचलतं कोण?"

याला मी शास्त्रीय उत्तर देणार होतो, पण तोंडात टाचण्या होत्या.

सोमवार, १० मार्च

मावशी लंगडते आहे.

पाण्यात काही कळत नाही, पण काठावर आली की डावा पाय टेकवत नाही. मला वाटतं संधिवात. हिचंही असंच सुरू झालं होतं. मी मावशीला सांगितलं, ओल्यात फार बसू नकोस. ती तळ्यात राहते हे नंतर लक्षात आलं.

बुधवार, १२ मार्च

संधिवात नव्हे. आज ती बाकापासून दोन हातांवर आली, तेव्हा दिसलं. पायाला तंगूस गुंडाळलाय. पाय सुजून दुप्पट झालाय. दोराचा एक लांब शेपटा मागून फरफटतोय आणि त्यात गवत अडकलंय. ती ओढते तसा तो आणखी आवळतो.

मी अंगातला कोट काढला आणि झेप घेतली. या वाक्यात फक्त कोटाचा भाग खरा आहे. झेप म्हणण्याजोगं काही माझ्याकडून घडलं नाही. मी कमरेपर्यंत पाण्यात, कोट मानेपर्यंत पाण्यात आणि मावशी तळ्याच्या मध्यावर. मग शिट्टी आला. शिट्टी म्हणजे तळ्याचा रखवालदार. तो बोलतो कमी आणि वाजवतो जास्त. त्याने आधी शिट्टी वाजवली, मग हात देऊन मला बाहेर ओढलं.

"मास्तर, पोहण्यास मनाई आहे," तो म्हणाला.

"मी पोहत नव्हतो."

"ते दिसलंच."

त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या उद्या येतील. घरी आल्यावर हिने मला पंचा दिला आणि कोटाकडे बघून एकच विचारलं, "दोर कसला होता?"

"तंगूस."

"हं," ती म्हणाली. आमच्या संसारात या "हं"ला फार वजन आहे, पण मी थंडीने कुडकुडत होतो, मोजलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

डॉक्टरीणबाई आमच्या थोरलीच्या वयाच्या आहेत आणि थोरलीसारखंच मला रागावतात. त्यांनी जाळं टाकून मावशीला दोन मिनिटांत धरलं. माझ्या कालच्या पराक्रमाचं वर्णन शिट्टीने त्यांना केलं, माझ्यासमोर, हावभावांसकट.

मावशीला मी कोटात गुंडाळून मांडीवर धरलं. इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. कोटाच्या आत सगळं काळीजच धडधडतंय असं वाटत होतं. बाईंनी चिमट्याने पीस बाजूला केलं आणि मी मान फिरवली. दोर कातडीच्या आत गेला होता आणि वरून मांस भरायला लागलं होतं.

"ओढून काढता येणार नाही का?" मी विचारलं.

"ओढला तर पायच हातात येईल. आत रक्त पोचत नाहीये. हा नायलॉन कुजत नाही, आजोबा. पाण्यात दिसत नाही. पक्षी पाय हलवतो तसा तो आवळत जातो. कधी पायाला, कधी पंखाला, कधी चोचीला. चोचीला गुंडाळला की उपाशी मरतात. आणि याला गळ असला तर तो गिळतात."

"किती लांब असावा लागतो?"

"हातभर पुरतो."

पिल्लांचं काय करायचं? शिट्टीने त्याच्या खोपटाशेजारी जाळीचा कोंडवाडा केला. सहातली पाच धरली, एक पाणगवतात गेलं ते सापडलंच नाही. मी संध्याकाळपर्यंत "ये, ये" करत काठावर वाकलो होतो. माझ्या हाकेला आतापर्यंत फक्त एक छत्री आली आहे.

शुक्रवार, १४ मार्च

मला राग आलाय आणि मला राग आला की माझं डोकं फार चालतं, असा माझा समज आहे.

तपास असा. मावशी कुठे राहते? पाणगवताच्या टोकाला. तिथे कोण गळ टाकतं? दोघंच. दोर कसला? शेवाळी. शेवाळी रीळ कुणाचं? टपालचं. आता दोघांत एक मी. मी जन्मभर धाग्यात काम केलं, धागा म्हणजे काय ते मला माहीत. म्हणजे राहिला कोण?

हे मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा झाडू थांबला.

"तो गेलाय कधीपासून?" तिने विचारलं.

"चार तारखेपासून."

"आणि बदक लंगडायला लागलं कधी?"

"दहाला. त्याने आधीच टाकून ठेवलेला असणार. असली माणसं आधी टाकून मग गावाला जातात."

"असली माणसं," ती म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली. माझ्या पायाखालून.

शनिवार, १५ मार्च

आज टपाल आला. टाचेला पट्टी, हातात माझ्यासाठी मुलीकडून आणलेली सुपारीची डबी. मी त्याला बसूही दिलं नाही. शिट्टी शेजारीच उभा होता आणि मला वाटलं, साक्षीदार असावा.

मी काय बोललो ते इथे सगळं लिहीत नाही, कारण वही पोरीने दिलेली आहे. पण "माणूस म्हणवतोस का" हे त्यात होतं. "तुझ्यामुळे एका आईचा पाय जाणार" हेही होतं. बोलताना मला आतून फार बरं वाटत होतं. हे आत्ता लिहिताना बरं वाटत नाही, का ते कळत नाही.

टपालने माझ्याकडे बघितलं. मग खिशात हात घातला. मला वाटलं काहीतरी काढून दाखवणार. पण हात तसाच रिकामा बाहेर काढला.

"किती पिल्लं राहिली?" त्याने शिट्टीला विचारलं.

"पाच धरली होती. रात्रीत एक गेलं. चार."

"बरं. मग लिहा माझ्या नावावर."

शिट्टीने त्याचा मासेमारीचा परवाना घेतला आणि वर्षभरासाठी बंदी लिहिली. टपालने सही केली. पोस्टातल्यासारखी, तारीख घालून. मग काठी उचलली आणि निघाला. दहा पावलांवर थांबला.

"मास्तर, बाकाखाली माझा डबा राहिलाय. तुझ्याकडे ठेव."

"मला तुझा डबा नको."

"ठेव," तो म्हणाला. "कधी तरी उपयोगी पडेल."

डबा घरी आणला आणि मशीनखाली ढकलला. पत्र्याचा आहे, बिस्किटांचा. उघडला नाही. दुसऱ्याच्या टपालात आपण डोकावत नाही, निदान एवढी तरी सभ्यता माझ्यात आहे. तो पोस्टमन असून त्याच्यात नाही.

मंगळवार, १८ मार्च

टपालच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, परत मुलीकडे गेलाय, कधी येईल सांगितलं नाही.

गेला तर गेला. बाक आता पूर्ण माझा. मधोमध बसतो. एक चांगला विनोद सुचला होता, चप्पल पकडण्याबद्दल, पण तो ऐकायला कुणी नव्हतं. मावशीला सांगावा तर तीही दवाखान्यात. शेवटी मीच मला सांगितला. फार हसलो नाही. बहुतेक आधी ऐकलेला होता.

काल मावशीचा पाय काढला.

शुक्रवार, २१ मार्च

हे लवकर लिहून टाकतो, नाहीतर लिहायचो नाही.

दवाखान्यात गेलो होतो. मावशी खोक्यात एका पायावर बसली होती आणि माझ्याकडे नेहमीसारखीच बघत होती, सगळ्या चुकांचा हिशोब असल्यासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका पायाने जगतात, आजोबा. पोहायला शिकावं लागतं पुन्हा. आधी गोल गोल फिरतात, मग जमतं."

मग त्यांनी एक छोटी बाटली दाखवली. पायातून काढलेला दोर. शाळेत दाखवायला त्या जपून ठेवतात.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही शिवणकाम केलंय ना? ही टोकाची गाठ कसली? सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. मी अशी गाठ कधी पाहिली नाही."

मी बाटली उजेडात धरली. चष्मा पुसला. परत धरली.

सात वेढे. टोक एकदा आरपार.

मी म्हटलं, "ही बटणाची गाठ." बाई म्हणाल्या, "व्वा, किती नीट बांधलीय." नीटच बांधली होती. चाळीस वर्षांचा हात आहे.

घरी आलो. मशीनखालचा डबा काढला आणि उघडला.

आत तंगुसाच्या जुड्या होत्या. पत्रं गल्लीवार बांधतात ना, तशा बांधलेल्या. प्रत्येक जुडीवर कागदाची चिठ्ठी आणि तारीख. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. सगळे माझे तुकडे. बोटभर, वीतभर, हातभर. टोकांना सात वेढ्यांच्या गाठी. सगळ्यांत वर एकच चिठ्ठी, जाडजूड अक्षरात: "मास्तरचं. पत्ता चुकून तळ्यावर आलेलं."

शेवटची तारीख तीन मार्च. चारला तो गेला. सहाला मी कापून झटकून मोकळा झालो होतो. या वहीतच लिहून ठेवलंय, मागची पानं उलटून पाहिलं. मी स्वतःविरुद्ध इतकी चांगली साक्ष दिली होती आणि मला पत्ता नाही.

ही दारात उभी होती.

"तुला ठाऊक होतं?"

"अंदाज होता."

"मग बोललीस का नाही?"

"चाळीस वर्षं मागून झाडलं, तेव्हा बोलले होते का?" ती आत गेली. मग परत आली आणि माझ्यासमोर चहा ठेवला. मी पीत नाही असं पाहून म्हणाली, "प्या. चहा आणि दोस्ती, दोन्ही एकदम गार करू नका."

शनिवार, २२ मार्च

शिट्टीकडे गेलो. म्हटलं, टपालचं नाव खोडा आणि माझं लिहा.

"मास्तर, गुन्हा एकाच्या नावावर झालाय. एका बदकाला दोन गुन्हेगार, असा रकाना नाही माझ्याकडे."

"मग रकाना पाडा."

"तो म्हणाला होता ना, माझ्या नावावर लिहा म्हणून?"

"तो खोटं बोलला."

"का?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते शिट्टीसमोर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी खोकलो. त्याने बंदीचे कागद अडकवलेली फळी बाहेर काढली आणि टपालच्या नावावर काट मारून माझं लिहिलं. वर्षभराची बंदी. मी सही केली. तारीख घालून.

मग मी बाकाखाली वाकलो. पहिल्यांदाच. वाकल्यावर कळलं की टाच दुखत असताना वाकणं किती अवघड असेल. मला तर टाचही दुखत नव्हती आणि तरी उठताना शिट्टीला हात द्यावा लागला. एवढ्याशा जागेत मला अकरा तुकडे मिळाले. पाणगवताच्या मुळाशी तर असा गुंता होता की मी कात्रीसाठी हात खिशात घातला आणि तसाच बाहेर काढला. बसलो. सोडवला. दोन तास लागले. गिऱ्हाईक कुणी उघडं फिरलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

मशीनची खोळ काढली. ही म्हणाली, "कुणाचं शिवताय?"

"तळ्याचं."

माणसाला खिसा असतो म्हणून माणूस खिशात टाकतो. बाकाला खिसाच नाही, मग टाकणार कुठे? निळ्या जाड कापडाचा खिसा शिवतोय, वरून झाकण, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही आणि पक्ष्याला चोच घालता येणार नाही. वर भरतकामाने अक्षरं: "तुटलेला दोर इथे."

पहिला खिसा बऱ्यापैकी शिवून झाला तेव्हा हिने तो हातात घेतला, उलटा केला आणि शिवण खेचून पाहिली.

"अहो, कशाने शिवलंय?"

मजबूत व्हावा म्हणून मी तंगुसाने शिवला होता.

उसवला. सगळा. सुती दोऱ्याने परत शिवला. उसवलेला तंगूस टपालच्या डब्यात टाकला आणि वर तारीख लिहिली. माझं अक्षर त्याच्यासारखं नाही, पण डबा रागावला नाही.

शनिवार, ५ एप्रिल

बाकाला खिसा लागला. तळ्याच्या पलीकडच्या टोकाच्या बाकांना आणखी तीन लावले. शिट्टी म्हणाला, "मास्तर, इस्त्रीची घडीसुद्धा मारलीत?" मारली होती.

डॉक्टरीणबाईंनी मावशीला आणलं. शिट्टीने कोंडवाडा उघडला. चार पिल्लं, आता चांगली मोठी, एका रांगेत पाण्याकडे पळाली. मावशी काठावर बसून राहिली. मग उतरली. एका पायाने वल्हं मारलं की ती गोल फिरायची. तीनदा गोल फिरली आणि मीही काठावर तिच्याबरोबर फिरलो, कारण मला उभं राहवेना. चौथ्यांदा तिने शेपूट वळवलं, मान तिरकी केली आणि सरळ गेली. अगदी सरळ नाही. पण गेली.

शिट्टीने शिट्टी वाजवली. नियम कोणता मोडला ते त्याने सांगितलं नाही.

घरी येताना टपालच्या दारावरून गेलो. कुलूप होतं.

रविवार, ६ एप्रिल

पत्र लिहायचंय. आधी इथे कच्चं टाकतो, धावदोरा घातल्यासारखं. नीट बसलं तर पक्कं करून पाकिटात घालेन. सकाळपासून तीन पानं फाडली. पहिल्या दोन पानांत मी स्वतःला क्षमा केली होती आणि तिसऱ्यात इतकं रडगाणं होतं की त्याला वाटलं असतं मीच मेलो.

प्रिय टपाल,

तुझ्या टाचा आता कशा आहेत? दोन्हींची वेगळी वेगळी विचारपूस समज. मुलगी बरी आहे ना? जावईबापूंच्या कामाचं ठीक चाललंय? नातीचे दात आले का? आणि तुझा खोकला? तो मला आवडायचा असं कधी वाटलं नव्हतं, पण बाक आता फार गप्प झालाय.

इकडे सगळ्यांची खुशाली सांगतो. हिचा गुडघा "हुं"वर आहे. मावशी एका पायावर आहे. पिल्लं चार. दोन गेली, ती माझ्या नावावर. शिट्टीकडची बंदीही माझ्या नावावर करून घेतली, तुझं नाव खोडलंय, मी स्वतः पाहिलं. तेव्हा तू मासे पकडू शकतोस आणि मी शेजारी बसून फक्त शिकवू शकतो, जसं तू मला शिकवायचास. आता कळेल तुला किती राग येतो ते.

डबा उघडला. जुड्या मोजल्या नाहीत, बघवलं नाही. तीन महिने तू माझ्यामागे वाकत होतास आणि मी तुला चिंध्या गोळा करणारा म्हणत होतो. त्या दिवशी खिशात हात घालून काढलास तो रिकामा का काढलास, ते मला शिट्टीसमोर सांगता आलं नाही, तुलाही सांगत नाही. तुला माहीत आहे. मला माहीत आहे हे तुला कळावं, एवढ्यासाठी लिहितोय.

मी चुकलो. हे वाक्य एवढंच आहे. याला मी झालर लावली होती, ती उसवून टाकली.

बाकाला मी एक खिसा शिवलाय. काल संध्याकाळी बघितलं तर त्यात कुणीतरी तंगुसाचे दोन तुकडे टाकले होते. माझे नव्हते. मला इतका आनंद झाला की मी ते खिशातून काढून पुन्हा खिशात टाकले. पण एक तुझं काम राहिलंय. जुड्या बांधायला मला येत नाही. मी बांधली की तिचा गोळा होतो, आणि चिठ्ठी लावली की ती धुण्याच्या यादीसारखी दिसते.

तू जन्मभर गावाला पत्रं दिलीस. तुला कधी कुणाचं आलं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. हे एक घे. आणि उत्तर लवकर लिही. फार नको, दोन ओळी पुरे. शिवी असली तरी चालेल, फक्त पाकीट नीट चिकटव आणि पत्ता पूर्ण घाल. मी आता रोज दारात उभा राहून पोस्टमनची वाट बघतो, आणि तो नवा पोरगा मला बघून रस्ता बदलतो.

तुझा,
मास्तर